कोवळं ऊन, कोवळे जीव

इंदूरच्या आमच्या घराच्या गच्चीवर कठड्याला लागून तीन निळे टब आहेत. ते मुलाचे. बारावीत असताना त्याला गप्पी पाळायचा नाद लागला आणि गप्पींच्या पिल्लांना खायला मोइना हव्यात म्हणून हे टब वर चढले. दोन वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी पुण्याला गेला. मासे मित्रांना वाटून टाकले, टब राहिले. जाताना म्हणाला, "आई, नको असतील तर काढून टाक." मी काढले नाहीत. सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं आहे मी. टबातल्या पाण्यात काहीतरी हलतंय म्हटल्यावर तिथून पाय निघत नाही.

मोइना म्हणजे गोड्या पाण्यातला एक बारका कवचधारी जीव, डाफनियाची, म्हणजे पाणपिसवेची, धाकटी बहीण म्हणा. मोठी झाली तरी जेमतेम एक मिलिमीटर. पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरलं की उड्या मारणारी धूळ दिसते. शाळेने मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप मी निवृत्तीच्या वेळी विकत घेतला होता, त्याखाली मात्र ती पारदर्शक पोरगी सगळं दाखवते. हृदय धडधडताना दिसतं, आतड्यात हिरवं शेवाळ दिसतं, आणि पाठीवर एक पिशवी असते, तिच्यात पिल्लं दिसतात. अंडी पाण्यात सोडून मोकळी होणारी ही आई नाही. पिल्लं पाठीवरच्या पिशवीत वाढतात, पोहण्याइतकी झाली की बाहेर पडतात, आणि चार-पाच दिवसांत तीही आया होतात.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी हे टब घासायला काढले. पाणी काळपट हिरवं झालं होतं, तळाशी मधुमालतीची पानं कुजत होती आणि सासूबाई रोज म्हणत होत्या की डास होतील. दोन टब लख्ख घासले, गच्चीवर पसरलेली मधुमालतीही छाटली. तिसऱ्या टबापर्यंत येता येता अंगातलं त्राण गेलं, म्हणून तो तसाच सोडला. नळाला नर्मदेचं पाणी येतं. ते तीन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू दिलं, मग चहाच्या गाळणीने मोइना गाळून नव्या पाण्यात सोडल्या. पाणी इतकं नितळ की तळाचा कंपनीचा शिक्का वाचता येत होता. मला फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी पाहिलं तर मोठ्या मोइना फिरत होत्या, पण बारकी धूळ नव्हती. न घासलेल्या तिसऱ्या टबात नेहमीसारखी गर्दी. पंधरा दिवसांत घासलेले दोन्ही टब रिकामे झाले. मोठ्या आपल्या वयाने गेल्या आणि त्यांच्या जागी यायला खालून कोणीच आलं नाही.

आधी मला वाटलं उपासमार. नितळ पाण्यात शेवाळ नाही, मग खाणार काय? पण मी रोज यीस्ट कालवून घालत होते आणि मोठ्यांची पोटं भरलेली दिसत होती. मग क्लोरीनवर संशय घेतला. पण क्लोरीनने आधी मोठ्या मेल्या नसत्या का? मग वाटलं उष्णता. थर्मामीटर बुडवून पाहिला, दुपारी तिन्ही टबांत एखाद्या अंशाचाच फरक. मायक्रोस्कोपखाली एक आई घेतली, तर पाठीवरच्या पिशवीतल्या चार पिल्लांपैकी तीन पांढुरकी, दुधाळ पडलेली. जिवंत पिल्लू काचेसारखं आरपार असतं, मेलं की असं गढूळ होतं. आई मात्र धडधाकट पोहत होती.

त्याच दिवसांत शेजारच्या सुनेला मुलगी झाली होती. सकाळी साडेसातला माझ्या सासूबाई तिच्या अंगणात खुर्ची टाकून बसत आणि बाळाला तेल लावून झालं की सांगत, "आता जरा कोवळं ऊन दाखव गं. आठ वाजले की आत ने." मी गच्चीवरून हे रोज ऐकत होते. एके दिवशी छाटलेल्या मधुमालतीकडे पाहत उभी होते आणि तेच वाक्य खालून आलं. घासलेल्या टबांवर सकाळी दहापासून चारपर्यंत सरळ ऊन होतं. तिसऱ्या टबावरचा वेल तसाच होता आणि पाणीही चहासारखं.

इथे जरा शिकवते, सवय आहे. सूर्याच्या अतिनील किरणांचे, म्हणजे यूव्हीचे, तीन भाग करतात. सर्वांत घातक यूव्ही-सी वातावरणातच अडतो, खाली येत नाही. यूव्ही-बी बराचसा ओझोन अडवतो, थोडा येतो आणि तो थोडाच डीएनएला जड जातो. यूव्ही-ए भरपूर येतो, त्याचा घाव सौम्य. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरण ओझोनच्या थरातून तिरपे, लांबच्या वाटेने येतात आणि यूव्ही-बी वाटेतच गळतो. सासूबाईंच्या कोवळ्या उन्हात उजेड आहे, ऊब आहे, यूव्ही-बी फार थोडा. डोक्यावरच्या उन्हात मात्र तो सगळ्यात जास्त. आणि इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनमध्ये एकदा आणि जुलैमध्ये एकदा सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी नाहीशी होते. वर्गात मी ओझोनचा धडा शिकवताना 1985 सालचं अंटार्क्टिकावरचं छिद्र आणि 1987 चा माँट्रियल करार सांगायचे, मुलं ते लिहून घ्यायची आणि यूव्ही म्हणजे दक्षिण ध्रुवाची गोष्ट असं समजून उठायची. विषुववृत्ताकडच्या पट्ट्यात ओझोनचा थर मुळातच पातळ असतो आणि सूर्य उभा असतो. छिद्र नसतानाही आपल्या डोक्यावर यूव्ही-बी भरपूर आहे, हे मी तेव्हा पुरेसं ठासून सांगितलं नाही, याची आता रुखरुख वाटते.

मग प्रयोग केला. आईस्क्रीमचे चार चपटे डबे घेतले आणि चारही एकाच मोठ्या टबात तरंगत ठेवले, म्हणजे सगळ्यांचं तापमान सारखं राहील. प्रत्येकात त्याच टबातलं गाळलेलं पाणी, ड्रॉपरने मोजून घातलेली वीस बारकी पिल्लं आणि दहा मोठ्या आया. पहिल्यावर पातळ पॉलिथिन ताणलं, त्यातून यूव्ही बहुतेक सगळा जातो. दुसऱ्यावर जुन्या खिडकीची काच. साधी काच यूव्ही-बी जवळजवळ सगळा अडवते, यूव्ही-ए बराच जाऊ देते. तिसऱ्यावर शेडचा उरलेला पॉलिकार्बोनेटचा तुकडा, तो दोन्ही अडवतो पण उजेड जाऊ देतो. चौथ्यावर काळं झाकण. दहा ते दोन असे चार तास. मी छत्री घेऊन बाजूला बसले होते, ह्यांनी दोनदा ताक आणून दिलं.

संध्याकाळी फारसं काही दिसलं नाही. सगळे हलत होते. निराश होऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तेव्हा पॉलिथिनखालच्या वीस पिल्लांपैकी तीन जिवंत होती आणि दहा आयांपैकी सात. काचेखाली पिल्लं सोळा, आया नऊ. पॉलिकार्बोनेट आणि काळ्या झाकणाखाली एखाद-दुसरंच गेलं होतं. आठवडाभरात आणखी दोनदा केलं. आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पण क्रम बदलला नाही. नुसत्या खिडकीच्या काचेने पिल्लं वाचत होती.

मृत्यू लगेच का दिसत नाही तेही समजून घेण्यासारखं आहे. यूव्ही-बी डीएनएच्या एकाच धाग्यावरची शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतो, थायमिन नावाच्या अक्षराच्या जोडीला विशेष. चिकटलेल्या जागी प्रत काढणारं यंत्र अडखळतं. मोठ्या प्राण्यात बऱ्याच पेशी आता प्रत काढतच नाहीत, त्यामुळे दुरुस्तीला वेळ मिळतो. वाढत्या भ्रूणात आणि पिल्लात पेशी सारख्या दुभंगत असतात, दुरुस्तीच्या आधीच प्रत काढायची वेळ येते. शिवाय बारका जीव म्हणजे आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त आणि कातडं पातळ, किरण थेट आतल्या पेशींपर्यंत. आणि मोठी मोइना निदान खाली तरी जाते. डाफनियाच्या डोळ्यात 348 नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही टिपणाऱ्या पेशी आहेत. आपल्याला न दिसणारं ऊन तिला दिसतं आणि ती त्यापासून खोल पळते. तलावात दिवसा प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे हे बारके प्राणी, खाली असतात आणि रात्री वर येतात, त्याचं मुख्य कारण मासे असं मी शिकवत असे. ते आहेच. पण जिथे पाणी फार नितळ आणि मासे नाहीत, अशा डोंगरी तलावांतही ते दिवसा खाली जातात, तिथे कारण ऊन. माझ्या टबाला खोली जेमतेम दीड फूट, त्यातलं पाणी काचेसारखं. पळणार कुठे?

मोइनाबरोबर टबात सायक्लॉप्सही असतात, कोपेपॉड नावाच्या बारक्या कवचधारी प्राण्यांच्या गटातले, ते मी नंतर पाहायला घेतले आणि मला त्यांचाच जास्त लळा लागला. सायक्लॉप्सची मादी अंड्यांच्या दोन पिशव्या शेपटीच्या दोन बाजूंना घेऊन पोहते, अगदी खांद्यावर कावड घेतल्यासारखी. अंड्यातून निघतं ते आईसारखं मुळीच दिसत नाही. त्याला नॉप्लिअस म्हणतात. एक बारका गोळा, तीन जोड्या पाय, मधोमध एकच लाल डोळा. सहा वेळा रूप पालटून नॉप्लिअसचं बालपण संपतं, मग पाच टप्पे कोपेपोडिटचे, तेव्हा कुठे प्रौढ. एका जन्मात बारा रूपं, आणि प्रत्येक रूपाची उन्हाशी झुंज वेगळी. माझ्या डब्यांत प्रौढ सायक्लॉप्स पॉलिथिनखालीही जवळजवळ सगळे टिकले, मोइनांपेक्षा कितीतरी सरस. नॉप्लिअस मात्र दुसऱ्या दिवशी तळाला बसलेले. भिंगाने पाहिलं तर एखाददुसऱ्याचा पाय नुसता थरथरत होता, पुढे सरकत नव्हता. मला ते बघवलं नाही.

समुद्रातल्या अकार्शिया नावाच्या कोपेपॉडवर अमेरिकेत 1980 च्या आसपास असेच प्रयोग झाले होते. नॉप्लिअसपासून प्रौढापर्यंत वय वाढत गेलं तसा यूव्ही-बी सोसण्याचा दमही वाढत गेला, आणि लहानपणी ऊन खाऊन वाचलेल्या माद्यांनी पुढे अंडी कमी घातली. हे वाक्य वाचल्यावर मी बराच वेळ बसून होते. मी मेलेले मोजत होते. जे जगले त्यांचं काय झालं हे मी पाहिलंच नव्हतं.

मात्र "जितकं लहान तितकं दुबळं" असा सरसकट नियम कोणी करू नये. रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी नॉप्लिअसइतकेच, कधी त्याहूनही बारके असतात आणि त्यांतले कित्येक डाफनियापेक्षा जास्त यूव्ही सोसतात. आकार हा एक धागा आहे. दुसरा धागा म्हणजे अंगावर काय पांघरलं आहे. आर्क्टिकच्या उथळ डबक्यांतल्या डाफनिया मेलॅनिनने काळपट होतात, पण ते मेलॅनिन कवचात असतं आणि कात टाकली की कवचाबरोबर जातं, नव्याने करावं लागतं. डोंगरी तलावातले कोपेपॉड लालभडक दिसतात ते शेवाळातून मिळवलेल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे. शिवाय ते मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लंही शेवाळातूनच साठवतात. त्यांना रंग नसतो पण यूव्ही शोषतात, आणि आई ती अंड्यांतही उतरवते. डाफनियाला हे दुसरं जमत नाही. लाल रंगाची किंमतही आहे. ज्या पाण्यात मासे आहेत तिथे लाल कोपेपॉड आधी खाल्ला जातो. म्हणून माशांच्या तलावात ते फिके राहतात आणि बिनरंगी पांघरूणावर भागवतात.

तिसरा धागा दुरुस्तीचा, आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेला तो हा. 1949 साली अल्बर्ट केल्नर या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की यूव्हीने अर्धमेले झालेले सूक्ष्मजीव साध्या उजेडात ठेवले की सावरतात. पेशीत फोटोलायेज नावाचं विकर असतं. ते चिकटलेली अक्षरं पकडतं, पण सोडवायची ताकद त्याला निळ्या उजेडातून आणि यूव्ही-एमधून मिळते. अंधारात चालणारी दुसरी दुरुस्तीही आहे, ती खराब तुकडा कापून नवा बसवते, पण संथ आणि खर्चिक. मी लगेच करून पाहिलं. अर्धा तास उघड्या उन्हात ठेवलेल्या पिल्लांचे दोन भाग केले. एक भाग स्वयंपाकघरातल्या अंधाऱ्या कपाटात, दुसरा खिडकीच्या काचेमागे पूर्वेच्या उजेडात. दुसऱ्या दिवशी काचेमागची निम्म्याहून जास्त पोहत होती. कपाटातली जवळजवळ सगळी गेली.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मग मी काय वेगळं सांगत होते? अंधारात नको आणि दुपारीही नको." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सकाळच्या तिरप्या उन्हात मारणारा भाग नसल्यासारखाच, सावरणारा निळा उजेड मात्र पुरेसा. बाळांसाठी त्यांचं कारण निराळं असेल, पण माझ्या टबाला यापेक्षा नेमका सल्ला कोणी दिला नव्हता.

मला ज्यासाठी लिहायला बसावंसं वाटलं ते इथे येतं. आमचं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले, 2025 च्या सुरुवातीला शहराला वेटलँड सिटीचा, म्हणजे पाणथळ जागा जपणाऱ्या शहराचा मान मिळाला. पण सिरपूरच्या काठावर फिरायला येणारी माणसं पाण्याकडे बघून हमखास म्हणतात, "पाणी किती घाण आहे, आरपार दिसायला हवं." मीही म्हणायचे. नाल्याचं सांडपाणी तलावात येऊ नये यात दुमत नाहीच, त्यासाठी भांडायलाच हवं. पण काठच्या झाडांची पानं, गवत, पाणवेली कुजून पाण्यात जो फिकट चहासारखा रंग उतरतो, ती घाण नव्हे. त्या विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यात यूव्ही-बी वरच्या थोड्याशा पाण्यातच अडतो. अतिशय नितळ पहाडी तलावात तो कित्येक मीटर खाली पोचतो, आपल्या माळव्यातल्या तलावात वरच्या हात-दीड हातातच संपतो. त्याच्या खाली नॉप्लिअस वाढतात, नॉप्लिअसवर माशांची पिल्लं वाढतात, आणि नोव्हेंबरात दुर्बिणी घेऊन आपण जे पक्षी बघायला जातो त्यांतले कितीतरी त्या माशांवर येतात. काठची झाडी तोडून, दगडी बांध घालून, पाणवेली मुळापासून उपटून तलाव "साफ" केला की पाणी छान दिसेल. मोठे जीव काही दिवस फिरतही राहतील, माझ्या टबात फिरत होते तसे. आणि आपण म्हणू, सगळं ठीक आहे.

मोठे जिवंत दिसले म्हणजे तलाव जिवंत, ही माझी समजूत त्या दोन टबांनी मोडली. आता मी ग्लासात पाणी घेते तेव्हा आधी बारकी धूळ शोधते.

मधुमालती यंदा छाटली नाही. घासलेल्या टबांत तिसऱ्या टबातलं दोन-दोन बादल्या काळपट पाणी ओतलं, आंब्याची चार वाळकी पानं टाकली, आणि एका टबावर ती जुनी खिडकीची काच विटांवर टेकवून ठेवली आहे, हवा खेळेल अशी. तिन्ही टब भरले आहेत.

मार्चमध्ये तिसऱ्या टबात पाणी आटत आलं तेव्हा मोइनांनी वेगळीच अंडी धरली होती. गर्दी झाली, पाणी आटलं की पाठीवर एक जाड तपकिरी कवच तयार होतं आणि त्यात अंडी बंद होतात. त्याला एफिपियम म्हणतात, ग्रीकमध्ये खोगीर. आणि दिसतंही तसंच, घोड्याच्या पाठीवरून उतरवून ठेवल्यासारखं. पिशवीतलं पिल्लू चार तासांच्या उन्हाने जातं, तेच खोगिरातलं अंडं वाळलेल्या चिखलात अख्खा उन्हाळा काढतं. मी तो चिखल सावलीत वाळवला, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधला आणि पुण्याला जाणाऱ्या भाच्याबरोबर मुलाकडे पाठवला. सोबत चिठ्ठी लिहिली की बाल्कनीत बादलीत टाक, बादली पूर्वेच्या कोपऱ्यात ठेव, अकरानंतर तिच्यावर काच किंवा कुंडीची सावली येऊ दे.

पाचव्या दिवशी रात्री साडेदहाला फोन आला. मोबाइलचा टॉर्च बादलीवर धरून व्हिडिओ कॉलवर मला दाखवत होता. मला अंधार आणि टॉर्चचा पांढरा गोळा सोडून काही दिसत नव्हतं. तो म्हणाला, "आई, बारकी आहेत गं, खूप बारकी. आजीला उठवू नकोस, सकाळी सांग." मी विचारलं, बादली कुठल्या कोपऱ्यात ठेवली आहेस?